लायरिड उल्कावर्षाव, एप्रिल २०२३: माणदेशातल्या पाझर तलावावरच्या नोंदी

गावाकडच्या अंधारातून, दुर्बीण न घेता, स्वतःच्या डोळ्यांनी उल्का मोजायच्या असतील तर काय काय आडवं येतं, ते त्या-त्या दिवशी लिहून ठेवलं आहे. काम दोघांचं: मी आणि माझा धाकटा भाऊ. तिसरे मामा, ते शेवटच्या रात्री सामील झाले.

५ मार्च २०२३, रविवार

गेल्या वर्षीची चूक आधी लिहिते. २२ एप्रिल २०२२ च्या रात्री साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या गच्चीवर मी दोन तास बसले आणि एकच उल्का दिसली. बातमीत ताशी १८ असं वाचलं होतं. शेजारची दोन मुलं बरोबर बसवली होती, ती अर्ध्या तासात झोपायला गेली. आता कागद घेऊन बसल्यावर कळलं की त्या रात्री तीन गोष्टी चुकल्या होत्या. जवळजवळ अर्धा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता, म्हणजे उशिरा बसले असते तरी तो आडवा आला असता. गच्चीसमोर रस्त्याचा दिवा होता. आणि मी रात्री साडेनऊ ते साडेअकरा बसले होते. तेव्हा या उल्का ज्या बाजूने येतात तो आकाशाचा भाग नुकता क्षितिजावर आलेला असतो.

यंदा चंद्र आडवा येत नाही. २० एप्रिलला अमावास्या आहे. २२ तारखेला अक्षय्य तृतीया, म्हणजे तिजेची कोर रात्री साडेनऊच्या आसपास मावळेल. वर्षावाचा शिगेचा वेळ भारतीय वेळेनुसार २३ एप्रिलला सकाळी साडेसहाच्या सुमारास आहे. तेव्हा उजाडलेलं असणार. पण त्याआधीचे तीन-चार तास आपल्या वाट्याला येतात. रात्र शनिवारची आहे आणि मला रविवारी दुकान नाही. एवढं सगळं दर वर्षी जुळत नाही, म्हणून या खेपेला नीट तयारी करायची ठरवली.

उगमबिंदू, म्हणजे जिथून या उल्का फाकल्यासारख्या वाटतात ती जागा, स्वरमंडल आणि शौरी या तारकासमूहांच्या सीमेवर, अभिजित ताऱ्याजवळ आहे. साताऱ्याच्या अक्षांशावरून हिशोब केला. २२ एप्रिलला ती जागा रात्री पावणेदहाच्या पुढे ईशान्येला उगवते. बाराला २५-२६ अंशांवर, दोनला ५० अंशांवर आणि चारला ७० अंशांच्या वर असते. पहाटे पाचला फटफटायला लागतं. म्हणजे कामाची वेळ एक ते पावणेपाच. त्याआधी जागून डोळे थकवायचे नाहीत.

२५ मार्च, शनिवार

पहिली चाचणी, यवतेश्वर घाटाच्या वरच्या अंगाला. काल संध्याकाळी चंद्रकोरीला चिकटून असलेला शुक्र गावभर सगळ्यांनी पाहिला, त्यामुळे घरातून रात्री बाहेर पडायला परवानगी सहज मिळाली.

ही चाचणी महिनाभर आधी कशी चालते ते सांगते, कारण मला हे उशिरा सुचलं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. २५ मार्चला रात्री दोनला अभिजित जिथे असतो, तिथेच तो २२ एप्रिलला बाराच्या सुमाराला येतो. म्हणजे आज दोनला उभं राहून पाहिलं की त्या रात्रीचं ईशान्येचं आकाश कसं असेल ते आजच कळतं.

आम्ही दीड ते अडीच उभे होतो. जागा उंच, हवा छान, पश्चिमेला आकाश उत्तम. पण यवतेश्वर शहराच्या पश्चिमेला आहे. साताऱ्याचा आणि महामार्गाचा सगळा उजेड पूर्वेला आणि ईशान्येला पसरलेला, थेट तीन मुठींपर्यंत वर. (हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश.) अभिजित दोन मुठींवर होता. तो दिसला, पण त्याच्या खालचा स्वरमंडलाचा छोटा चौकोन नीट लागला नाही. पाठीमागे सुंदर काळोख आणि आपल्याला पाहायचं तिकडे पिवळा धूसर पडदा. चाळकेवाडीचं पठारही मनात होतं, पण तिथूनही सातारा ईशान्येलाच येतो, शिवाय पवनचक्क्यांचे लाल दिवे. म्हणून घाटमाथा सोडला. या वर्षावासाठी साताऱ्याच्या पूर्वेला जायला हवं, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे राहील. हे नकाशावर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्हाला एक रात्र लागली.

पूर्वेला म्हणजे कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव आणि पुढे माण. मामांचं गाव दहिवडीच्या पुढे, म्हसवडच्या अलीकडे. जागा ठरली.

२ एप्रिल, रविवार

मार्च एंडमुळे आठवडाभर काही झालं नाही. कृषी सेवा केंद्राचे हिशोब बंद करता करता घरी यायला रोज नऊ वाजत होते.

आज गच्चीवर फक्त सामानाची तालीम. पौर्णिमा चार दिवसांवर, आकाश बघण्यात अर्थ नव्हता.

खुर्ची नापास. प्लास्टिकच्या खुर्चीवर मान मागे टाकून वीस मिनिटांत मानेत कळ आली. पाठ टेकून, डोकं थोडं उंच ठेवून, निजायलाच हवं. जमिनीवर सतरंजी टाकून सपाट निजलं की नजर थेट डोक्यावर जाते आणि कडेचं आकाश सुटतं. शिवाय झोप लागते. भाऊ दहा मिनिटांत झोपला. तिरपं निजता येईल असं काहीतरी पाहिजे.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला. एक थर लावला तर उजेड गुलाबी आणि डोळे दिपवणारा. चार थर लावल्यावर बरा झाला. जिलेटीन २० रुपये, स्टेशनरीच्या दुकानात. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाईलचा पांढरा पडदा एकदा समोर आला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या रात्री मोबाईल पिशवीत, वेळेसाठी आकडे न चमकणारं मनगटी घड्याळ आणि लाल टॉर्च.

८ एप्रिल, शनिवार

मी एकटीच मामांच्या गावी आले. एसटीने, महिलांच्या अर्ध्या तिकिटात. जाऊन-येऊन १३० रुपये लागतील.

चंद्र आज नऊच्या सुमाराला उगवणार होता, म्हणून आठ ते पावणेनऊ एवढाच अंधार मिळाला. तेवढा जागा बघायला पुरला. मामांच्या घराच्या माळवदावरून बघायचं असं मी धरून चालले होते. ते पहिल्या मिनिटाला बाद झालं. गेल्या दिवाळीनंतर चौकात हायमास्ट बसला आहे आणि त्याचा उजेड सगळ्या आळीवर पडतो. वस्तीवर रानात गेलो, तर तिथे मोटरच्या पेटीवर मामांनीच एलईडी लावलेला. तो बंद करता येतो, पण शेजारच्या वस्तीवरचे दोन फोकस आपल्या हातात नाहीत.

मामांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "आगं, तारं तर हितनं बी दिसत्यात की. काळूख कशापायी पायजे एवढा?" मग मी त्यांना हायमास्टच्या उजेडात उभं करून सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधायला लावली. त्यांना ती जेमतेम दिसली. मग विहिरीच्या मागे अंधारात नेलं. तिथे अरुंधती दिसली आणि तिच्या आजूबाजूला ज्यांची नावं माहीत नाहीत असे कितीतरी. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तळ्याच्या बांधाआड चला."

गावाच्या पूर्वेला पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेल्या लोकांनी बांधलेला. आजीनं तिथं माती वाहिली आहे. सध्या कोरडा ठणठणीत. भराव सुमारे दोन पुरुष उंच. आतल्या अंगाला दगडी पिचिंग, बाहेरच्या अंगाला मातीचा उतार आणि वाळलेलं गवत. बाहेरचा उतार नेमका ईशान्येकडे तोंड करून आहे. त्यावर निजलं की गाव आणि हायमास्ट पाठीमागे भरावाआड जातात, पाठीला आपोआप तिरपा आधार मिळतो आणि समोर अभिजितची बाजू उघडी. खुर्चीचा प्रश्नही इथेच सुटला. एवढी नेमकी जागा मला कागदावर शोधून सापडली नसती.

पिचिंगच्या बाजूला निजायचं नाही. मामांनी एक दगड उचलून दाखवला, खाली विंचू. बाहेरच्या उतारावर आठ-दहा फुटांच्या जागेतलं गवत काढून जागा मोकळी करायची, खाली ताडपत्री, वर सतरंजी. घोणशीचा मुलूख आहे, म्हणून येता-जाता पायात बूट आणि हातात पांढऱ्या उजेडाची बॅटरी. डोळ्यांचा सराव बिघडला तरी चालेल, पण वाटेवर लाल टॉर्चवर विसंबायचं नाही. लाल उजेडात वाळलेलं गवत आणि साप यांतला फरक कळत नाही.

गावात चौकशी केली. २२ तारखेला गावची जत्रा नाही. चैत्र-वैशाखात हे विचारणं फार गरजेचं आहे. आदल्या आठवड्यात शेजारच्या गावात जत्रा होती आणि शोभेची दारू रात्री एकपर्यंत चालली होती, असं मामी म्हणाल्या.

१५ एप्रिल, शनिवार

कॅमेरा. भावाच्या ओळखीतून जुना डीएसएलआर दोन दिवसांच्या भाड्याने ठरवला, १,२०० रुपये. बरोबर १८-५५ ची लेन्स. ट्रायपॉड जुना विकत घेतला, ९०० रुपये. आज तासभर कॅमेरा हातात मिळाला.

लेन्स १८ वर, छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ १६००, वेळ २० सेकंद. या मापाच्या कॅमेऱ्यात १८ एमएमवर याच्या फार पुढे गेलं की तारे ठिपके न राहता रेघा होतात. फोकस हाताने. ऑटोवर ठेवला तर अंधारात लेन्स नुसती पुढे-मागे घरघरते आणि फोटोच निघत नाही. स्वाती ताऱ्यावर पडदा मोठा करून फोकस लावला आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी मारली. शटर आपोआप पडत राहावं म्हणून केबल आहे, तिची कळ दाबून अडकवून ठेवायची.

सगळं नीट चाललंय असं वाटलं. एक गोष्ट तपासायची राहिली, ती पुढे येईल.

२१ एप्रिल, शुक्रवारची रात्र (२२ ची पहाट)

मोटारसायकलने आलो, वाटेत पुसेगावला चहा. आजची रात्र सरावाची. हा वर्षाव १४ ते ३० एप्रिल चालू असतो, पण शिगेच्या आदल्या रात्री फार काही नसतं, हे धरूनच आलो होतो.

दोन ते चार पाहिलं. लायरिड ४, इतर (उगमबिंदूकडून न आलेल्या) ५. चुका त्याहून जास्त झाल्या.

पहिली: मी वहीत लिहीत होते. एक उल्का दिसली की वेळ, तेज, दिशा लिहायला पाऊण मिनिट. तेवढा वेळ नजर खाली. दोन तासांत लिहिण्यातच सात-आठ मिनिटं गेली, आणि मान खाली असताना भावाने दोनदा "गेली!" म्हटलं. उद्यापासून मोबाईलचा रेकॉर्डर आधीच चालू करून, पडदा खाली करून, रुमालात गुंडाळून उशाला ठेवायचा आणि नुसतं बोलायचं.

दुसरी मोठी: भाऊ ओरडला की मी तिकडे बघायचे, आणि त्याने पाहिलेली उल्का मीही माझ्या आकड्यात धरली. हा आकडा मग कुणाचाच नाही. मोजणी प्रत्येकाची वेगळी असायला हवी, तरच पुढचा हिशोब खरा ठरतो. ठरलं की कुणी ओरडायचं नाही. ज्याने त्याने आपल्या रेकॉर्डरशी हळू बोलायचं. दोघांमध्ये पंधरा फुटांचं अंतर.

तिसरी: भावाने दोन उपग्रह उल्का म्हणून धरले. आकाशात पाच-दहा सेकंद सरकत राहतं ते उल्का नव्हे. लायरिड सेकंदाला ४७-४९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. बहुतेक अर्ध्या ते एका सेकंदात सगळं संपतं.

चौथी गोष्ट वेळखाऊ होती. आकाश किती स्वच्छ आहे ते आकड्यात मांडावं लागतं, म्हणजे सर्वांत मंद कितव्या प्रतीचा तारा दिसतो. (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) मी वाचलं होतं की त्यासाठी ध्रुवमत्स्याचे तारे बघा. तो सल्ला उत्तरेकडच्या देशांतल्यांसाठी आहे. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७-१८ अंश वर, सगळा धुळीत. तिथे चौथ्या प्रतीचा ताराही दिसेना आणि मला वाटलं आकाशच खराब आहे. अर्धा तास त्यात गेला. मग उंचावरचा उत्तर मुकुट हा तारकासमूह घेतला. त्याची कमान पूर्ण दिसत होती आणि टोकाचा पाचव्या प्रतीचा ताराही. शेवटी ठरावीक तीन ताऱ्यांच्या त्रिकोणात किती तारे दिसतात ते मोजून तक्त्यात पाहायची पद्धत वापरली. उत्तर आलं ५.५. ध्रुवाकडे पाहून मी ४ लिहिणार होते. त्या एका आकड्याने पुढचा सगळा हिशोब तिप्पट चुकला असता.

घरी आलो तेव्हा आजी जागी होती. "तुटल्याला तारा बघू नी, कुणीतरी गेल्यालं असतंया," म्हणाली. मी तिला सांगितलं की हा तारा नसतो, धूमकेतूच्या वाटेवर सांडलेली वाळूच्या कणाएवढी धूळ असते. थॅचर नावाचा धूमकेतू, १८६१ साली दिसला होता, ४१५ वर्षांनी एकदा येतो आणि त्याच्या वाटेवरून आपली पृथ्वी दर एप्रिलला जाते. तिने विचारलं, "मंजी आमी तळ्यावर माती व्हायलो तवा बी पडत व्हते?" हो, म्हटलं. चीनमध्ये तर इसवी सनापूर्वी ६८७ साली लिहून ठेवलंय.

२२ एप्रिल, शनिवारची रात्र (२३ ची पहाट)

दुपारी पुरणपोळी आणि आमरस. जेवून तीन तास झोपलो. ही झोप मुद्दाम काढली होती आणि तिचा उपयोग पहाटे तीननंतर जाणवला.

संध्याकाळी साडेसहाला पूर्वेला वळवाचे ढग उभे राहिले. आठला सांगोल्याच्या बाजूला विजा. कोर आणि शुक्र पश्चिमेला मोकळे दिसत होते, पण आपल्याला पाहायची ती अर्धी बाजू बंद. दहाला ताडपत्री टाकून बसलो. अकराला वारा सुटला, चार थेंब पडले. कॅमेरा पिशवीत. भाऊ म्हणाला, "ताई, पॅकअप करू या. उद्या परत जायचंय गाडीवर." मी एक वाजेपर्यंत थांबायचं ठरवलं. वळवाचा ढग रात्रभर टिकत नाही, एवढ्याच भरवशावर.

बाराला आणखी एक अडचण. रात्रीची थ्री-फेज लाईट बाराला आली आणि मामा डाळिंबाला पाणी द्यायला निघाले. कपाळाला बॅटरी लावून ते बांधावरून येत होते आणि प्रत्येक वेळी मान वळली की झोत थेट आमच्या तोंडावर. त्यांना काम थांबवायला कसं सांगणार, लाईट पहाटेपर्यंतच असते. उरलेलं जिलेटीन त्यांच्या बॅटरीला रबर लावून बसवलं आणि पांढरी बॅटरी वाटेसाठी हातात दिली. व्हॉल्व्ह फिरवून झाल्यावर पुढच्या वाफ्यापर्यंत त्यांना वेळ होता. ते येऊन भरावावर आमच्याशेजारी निजले.

पावणेएकला ढग फाटायला लागले. एकदा सुरुवात झाल्यावर वीस मिनिटांत सगळं मोकळं. स्वाती बरोबर डोक्यावर. सातारा-माणच्या अक्षांशावरून तो जवळजवळ शिरोबिंदूतूनच जातो. पावसाच्या शिडकाव्याने धूळ खाली बसली होती. सर्वांत मंद तारा ५.६ पर्यंत.

माझी मोजणी अशी:

१२:५० ते १:३०, लायरिड २, इतर १. कडेला अजून ढगाचे तुकडे.

१:४० ते २:४०, लायरिड ६, इतर ४.

२:५० ते ३:५०, लायरिड ९, इतर ३.

३:५५ ते ४:४०, लायरिड ६, इतर ३.

एकूण २०५ मिनिटांत लायरिड २३, इतर ११. भावाच्या लायरिड १९. तो पूर्वेकडे थोडा खाली बघत होता आणि त्या बाजूला क्षितिजाजवळ शेवटपर्यंत मळभ राहिलं.

आकड्यांपेक्षा त्यांची चाल सांगायला हवी, कारण मुलांना घेऊन जाणाऱ्यांची निराशा इथेच होते. नऊचा तास म्हणजे दर सहा-सात मिनिटांनी एक असं मुळीच नव्हतं. २:५५ ते ३:०२ मध्ये चार, आणि मग अठरा मिनिटं काहीच नाही. त्या अठरा मिनिटांत आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं आणि माणूस उठून बसतो. उठायचं नाही.

२:५८ ला सर्वांत मोठी. हंस तारकासमूहाच्या पंखापासून सुरू होऊन दक्षिणेकडे, अभिजितपेक्षा कितीतरी तेजस्वी, गुरूच्या तोडीची. तिच्या मागे धुराच्या रेघेसारखा माग दोन सेकंद राहिला. ओरडायचं नाही हा नियम तिघांनीही मोडला.

मामांना नक्षत्रं माहीत नाहीत, पण त्यांची सांगण्याची रीत माझ्यापेक्षा उपयोगी निघाली. "लिंबाच्या शेंड्याकडनं हिरीच्या थारोळ्याकडं गेला." मी "ईशान्येकडून दक्षिणेला" असं रेकॉर्डरमध्ये बोलत होते, आणि नंतर ते ऐकून ती उल्का लायरिड की इतर हे ठरवता येत नव्हतं. मामांच्या वाक्यावरून ठरवता आलं: लिंबाचा शेंडा आणि थारोळं जोडणारी रेघ मागे नेली की अभिजितच्या जवळून जाते की नाही, एवढंच बघायचं. तीननंतर मीही तसंच बोलायला लागले. झाड हलत नाही, तारे सरकतात, म्हणून वेळ मात्र बरोबर सांगावी लागते.

पावणेपाचला पूर्वेला फिकट झालं. मामा शेवटचा वाफा मोडायला गेले.

२४ एप्रिल, सोमवार

रात्री फोटो उघडले. फार वाईट वाटलं.

१२:५० ते ३:०५ कॅमेरा चालू होता, ३:०५ ला बॅटरी संपली. म्हणजे १३५ मिनिटं, २० सेकंदांचा एक, तर ४०० च्या आसपास फोटो हवेत. निघाले २०२. कॅमेऱ्यात लांब फोटोतला खरखरीतपणा कमी करायची एक सोय असते, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ती चालू राहिली होती. तिच्यामुळे प्रत्येक २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा झाकण बंद करून आणखी २० सेकंद आत काम करत बसतो. अर्धा वेळ कॅमेरा आंधळा होता. १५ तारखेला गच्चीवर मी एकेक फोटो काढून पाहिला, सलग दहा काढले असते तर तेव्हाच कळलं असतं.

२:५८ ची उल्का या मधल्या २० सेकंदांत गेली. एक फोटो २:५८:०७ ला संपला, पुढचा २:५८:२७ ला सुरू झाला. तेही शोधायला वेळ लागला, कारण कॅमेऱ्याचं घड्याळ ३ मिनिटं ४० सेकंद पुढे होतं. सुरुवातीला मोबाईलच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवायला हवा होता.

२०२ फोटोंत एक लायरिड, आखूड, फोटोच्या कोपऱ्यात. बाकी विमानं आणि उपग्रह. विमानाची रेघ तुटक-तुटक दिव्यांची असते आणि पुढच्या फोटोतही चालू राहते, उल्का एकाच फोटोत असते. छाननीला दोन संध्याकाळी गेल्या.

कॅमेऱ्यावर मी १,२०० घातले. पुन्हा करायचं तर पहिल्या वर्षी कॅमेरा नेणार नाही. त्याच्याभोवतीच लक्ष राहतं. एकदा केबल तपासायला उठले तेव्हा दोन उल्का मामांनी पाहिल्या आणि माझ्या सुटल्या.

३० एप्रिल, रविवार

हिशोब. बातमीतला ताशी १८ हा आकडा अशा आकाशासाठी असतो जिथे उगमबिंदू थेट डोक्यावर आहे आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. आपलं आकाश तसं नव्हतं, म्हणून मोजलेल्या आकड्याला दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. २:५० ते ३:५० या तासात ९ दिसल्या. आकाश ५.६ चं, म्हणजे जवळजवळ एक प्रत कमी, त्यासाठी सुमारे १.९५ ने गुणायचं. उगमबिंदू ६६ अंशांवर, त्यासाठी ०.९१ ने भागायचं. आलं १९. त्याच्या आदल्या पूर्ण तासाचं १४-१५. नऊ हा आकडाच लहान असल्याने १९ मध्ये सहाचा इकडेतिकडे धरायला हवा. तरीही माझा गेल्या वर्षीपासूनचा प्रश्न सुटला: बातमी खोटी नव्हती. पाहणाऱ्याच्या आकाशाप्रमाणे १८ चे ९ होतात आणि गोडोलीच्या गच्चीवर १ होतो.

आपल्या नोंदी इंटरनॅशनल मिटिअर ऑर्गनायझेशनकडे पाठवता येतात. तिथे जागेचे अक्षांश-रेखांश, सुरुवात-शेवट, मधली सुट्टी, आकाशाची प्रत आणि उल्कांचं तेज असं सगळं मागतात. माझ्या २३ पैकी ५ उल्कांचं तेज मी बोलायला विसरले होते. तेवढ्या रकान्यात अंदाज भरला नाही, त्या उल्का तेजाच्या तक्त्यातून वगळून पाठवलं. आदल्या रात्रीच्या नोंदी पाठवल्या नाहीत, कारण त्यात भावाचे आणि माझे आकडे मिसळले होते.

खर्च: ट्रायपॉड ९००, कॅमेऱ्याचं भाडं १,२००, पेट्रोल ४००, एसटी १३०, सेल ६०, ओडोमॉस ४५, जिलेटीन २०. एकूण २,७५५. कॅमेरा आणि ट्रायपॉड वगळले तर ६५५ रुपयांत सगळं झालं असतं आणि मोजणी जराही कमी पडली नसती.

४ मे, गुरुवार

भाऊ विचारत होता, ६ मेच्या सुमाराला हॅलेच्या धूमकेतूचा वर्षाव आहे, जायचं का. उद्या बुद्धपौर्णिमा. पूर्ण चंद्रात जाऊन उपयोग नाही. पुढच्या एप्रिलमध्येही लायरिडच्या वेळी पौर्णिमाच येते. त्यामुळे थेट डिसेंबर. १४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला वर्षाव, अमावास्या १३ ला. तो लायरिडपेक्षा कितीतरी भरघोस असतो आणि उगमबिंदू संध्याकाळीच वर येतो, म्हणजे गावातल्या मुलांना नऊ-दहालाच तळ्यावर नेता येईल. ताडपत्री मोठी लागेल आणि तेव्हा थंडी असेल.

मामांना फोन करून तारीख सांगितली. ते म्हणाले, "तवा तळ्यात पानी आसंल, पर भायरचा उतार कोरडाच ऱ्हातुय. त्या आठवड्याला लाईट दिसाची हाय का रातची, ती बघून कळीवतो."